काच तेवढी मोकळी ठेवा

मी गाडी बोलतेय. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या अंगावर आजवर इतकं लिहून झालं, इतके फोटो डकवून झाले, की मी नेमकी कशाची कोण आहे ते माझं मलाच कळेनासं झालं होतं. मी साधी मालवाहू गाडी. मागं बंद पेटी, पुढं दोन माणसांची बैठक. कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. तेवढंच काय ते सुख. पुढं जे झालं ते सगळं माणसांच्या हौसेपायी.

खरं सांगते, मला या माणसांचं काही कळत नाही. स्वतःच्या घराच्या भिंतीवर खिळा मारायचा तर चारचौघांना विचारतील. गाडी दिसली की मात्र संपलं. देव लाव, बाप लाव, पोराचा वाढदिवस लाव. मी पळत असते हो. रस्त्यावरचा माणूस मान वळवेपर्यंत मी पुढच्या चौकात असते. त्यानं वाचायचं कधी आणि काय?

माझा मालक बालाजी. गाव चाकूरच्या अलीकडं. घरची करडई आणि दारात लाकडी घाणा. पूर्वी बैल ओढायचे, आता विजेवर फिरतो. त्याची आई साखराबाई. या बाईनं उभी हयात करडईच्या तेलाचा डबा घेऊन लातूरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कुणाच्या ओसरीवर टेकायची, तेल मोजायची, चहा प्यायची, सुनांच्या तक्रारी ऐकायची, उठायची. मग गुडघ्यांनी दगा दिला. डबा घरात बसला, आणि साखराबाईही. म्हणून बालाजीनं मला घेतली. त्यानं चालवायची, आईनं शेजारी बसायचं आणि तेल गिऱ्हाइकाच्या दारात न्यायचं.

मला घरी आणली त्याच दिवशी, माझ्या चाकाखालचं लिंबू काढता काढता, तो आईला म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. गाडीवर धंदा बसला तर बसला. न्हाई तर घाणा मोडतो आन पुण्याला जातो. कंपनीत दोस्त हाय."

साखराबाई माझ्यात चढून बसली आणि समोरच्या फळीवरून तिनं हात फिरवला, नव्या गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. पोरगा घरी राहतो का जातो, हे आता माझ्यावर होतं. मला लई धास्तावल्यासारखं झालं.

तर आता माझ्या अंगावर नाव घालायचं. लातुरात रेडियमची दुकानं थोडी आहेत का? पण नाही, जायचं नांदेडला. का, तर दाजींची ओळख आहे. दाजी म्हणजे ग्यानोबा, बालाजीच्या बहिणीचा, सिंधूचा नवरा. राहणार मुदखेड. घरचा जावई, त्यामुळं दाजी बोलले की विषय संपला. त्यांच्या ओळखीचा वाजिद, गाड्यांना पूर्ण अंगभर स्टिकर मारून देतो. त्याची मुलगी मनतशा कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. पोरगी हुशार, काम स्वच्छ, पण जरा आपल्याच तोऱ्यात.

त्या पहिल्या वेळी दाजी लग्नसराईत अडकले होते, म्हणून बालाजी एकटाच गेला. त्यानं मोबाइल काढला आणि एकामागून एक फोटो पाठवायला लागला. बैल, घाणा, आई, बहीण, दाजी, पोरगा, खंडोबा, करडईचं शेत.

मनतशा म्हणाली, "भैया, एवढं सगळं बसवलं तर काहीच दिसणार नाही. गाडी चालती असती. बघणाऱ्याला डोळा मिटून उघडेपर्यंत वेळ भेटतो. एकच गोष्ट सांगायची."

"पण जागा हाय ना एवढी. रिकामी कशाला सोडायची? प्लॉट घेतल्यावर अर्ध्यावरच घर बांधतं का कोणी?"

"रिकाम्या जागेमुळंच नाव उठून दिसतं."

हे वाक्य तिनं त्या दिवशी इतक्या वेळा म्हटलं, की मलासुद्धा पाठ झालं. शेवटी तिनं पडद्यावर चित्र दाखवलं. सगळी गाडी दुधी पांढरी. एका अंगाला लालसर केशरी तेलाचा थेंब. बाजूला नाजूक, सुतासारख्या बारीक अक्षरांत 'करडई'. पडद्यावर काय देखणी दिसले मी! बालाजी भुलला. मीही भुलले, खोटं कशाला बोलू.

आणि आम्ही लातूरला गेलो.

पहिल्या गल्लीत थांबलो, तर एक म्हातारबुवा लगबगीनं आले. सदऱ्याची बाही वर सारली आणि हात काचेतून आत घातला. "घे बाबा लवकर रक्त. सकाळपासून उपाशी हाय."

पुढं एका होस्टेलच्या दारात वॉचमननं अडवलं. "कोण पोरगं आजारी पडलं?" अहो, पांढरी गाडी, लाल थेंब, बारीक अक्षरं. दुसरं काय वाटणार कुणाला? मनतशाचं डिझाइन सुरेख होतं, मान्य. पण ते तिनं तिच्या पडद्यासाठी काढलं होतं, लातूरच्या रस्त्यासाठी नाही. त्या बारीक अक्षरांसमोर उभं राहून बायका विचारायच्या, "काय इकून राहिले?" साखराबाई काचेतून डोकं काढून ओरडायची, "तेल हाय गं, तेल. मीच हाय." ती ओरडायची म्हणून काही डबे तरी जायचे.

बालाजीचं डोकं फिरलं. आणि नेमके तेव्हाच दाजी मोकळे झाले.

"मी म्हणत नव्हतो?" दाजी म्हणाले. ते असं काही म्हणाले नव्हते. "बॅनर कसा भरगच्च पाहिजे. माणसानं थांबून बघितलं पाहिजे." दाजींच्या मुदखेडात कुणाचाही वाढदिवस असो, बॅनरवर शुभेच्छुक म्हणून दाजी असतातच. त्या हिशेबानं त्यांचा अनुभव दांडगा.

पुन्हा नांदेड. पुन्हा वाजिदच्या पत्र्याखाली मी उभी. गरम हवेचा झोत मारून माझी पहिली कातडी सोलली आणि दुसरी चढवली. काय नव्हतं त्यात? डाव्या अंगाला बैलजोडी, जी घरी उरलीच नाही. उजव्या अंगाला हात जोडलेला बालाजी. मागं पोरगा, टोपी घातलेला, केकसकट. मधल्या फटींतून शेंगदाणा, जवस, तीळ, खोबरं. फोन नंबर एवढासा, चाकाच्या वर, चिखल उडतो तिथं.

दाजींना कुठं बसवायचं यावर मात्र घोळ झाला. जागाच उरली नाही. जावयाला चाकापाशी लावता येईना, बैलांच्या खाली तर मुळीच नाही. शेवटी दाजींनीच तोडगा काढला. "ही डावी काच मोकळीच हाय की." वाजिदकडं जाळीचा कागद असतो. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून नुसतं चित्र. साखराबाई ज्या काचेशी बसते, ती अख्खी काच दाजींच्या तोंडानं भरली, मिशीसकट.

"ही काच आता आठ-पंधरा दिवस खाली करू नका," वाजिदनं बजावलं. "कागद गोळा होईल."

आणि वर, सगळ्यांत वर, पेटीच्या कपाळावर, बालाजीनं आईचा फोटो लावायला सांगितला. लंबगोलात. भोवती झेंडूची फुलं. बाजूला समई. खाली 'आमचे प्रेरणास्थान'.

मनतशा खुर्चीवरून उठलीच. "भैया, आजींना तिथं नका टाकू. वर, फुलांच्या गोलात कुणाला लावतात माहीत हाय ना? जे गेले त्यांना."

"मग माझ्या आईला काय खाली लावू, चाकापाशी?" बालाजी तापला. "मानाची जागा वरचीच असती. तुमचं ऐकून एकदा रक्ताची गाडी झाली. आता मी सांगतो तसं करा."

मनतशानं बापाकडं बघितलं. वाजिद म्हणाला, "बेटा, गाडी त्यांची हाय." तिनं लावलं. पहिल्या वेळी आपणच तोंडावर पडलोय, आता कोणत्या तोंडानं भांडायचं, असं तिला वाटलं असणार. मी मनातल्या मनात हॉर्न वाजवून वाजवून दमले. कोण ऐकतं?

घरी साखराबाईनं मान वर करून स्वतःला बघितलं. "एवढं कशाला रे," म्हणाली. मग जरा वेळानं, "पदर वाकडा हाय माझा." स्वतःच्या फोटोत पदर तेवढा दिसतो माणसाला. फुलं कशाला आहेत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पुढचे दिवस आठवले तरी माझं रेडिएटर तापतं.

आम्ही लातुरात शिरलो की माणसं माझ्याकडं बघायची, वर बघायची आणि हात जोडायची. बायका पदर डोळ्याला लावायच्या. साखराबाई आत, दाजींच्या मिशीआड बसलेली. तिला वाटायचं, लोक रामराम करताहेत. तीही आतून मनोभावे हात जोडायची. बाहेर दिसायचे दाजी. समोरची काच उन्हानं चकाकायची, आणि लोकांचे डोळे तर वर फोटोवर. गुडघे साथ देत नव्हते म्हणून तिला उतरता येत नव्हतं, कागद गोळा होईल म्हणून काच खाली करता येत नव्हती. आतून तिनं मारलेली हाक माझ्या इंजिनच्या आवाजात बुडून जायची. आणि मी ओरडून ओरडून सांगत होते, अहो, ही काय, इथं बसलीय ती, जिवंत! पण गाडीचं ओरडणं म्हणजे हॉर्न. लोक बाजूला सरकायचे.

बालाजी मागचं दार उघडून डबे मांडायचा. ओळखीची माणसं यायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, "धीर धर" म्हणायची आणि तेल न घेता निघून जायची. दुःखातल्या माणसाशी तेलाचा व्यवहार कुठं करायचा, एवढी रीत आमच्याकडं अजून आहे. बालाजीला वाटलं, धंदा बुडतोय हे गावाला कळलंय, म्हणून धीर देताहेत. तो जास्तच चिडायचा. "जो तो धीर देऊन राहिला. तेल मात्र कोणी घेईना." गाडीत बसल्यावर त्यानं पुण्याच्या दोस्ताला फोन लावला. साखराबाई खिडकीकडं तोंड करून बसली. बाहेरून त्या खिडकीत दाजींची मिशी.

मग एके दिवशी आम्ही बानोच्या गल्लीत थांबलो.

बानो साखराबाईची जुनी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कसली, मैत्रीणच. शिवणकाम करते, एकटी राहते. तिला बातमी कुणीतरी सांगितली होती. मी थांबले न थांबले तोच ती दारातून आली आणि बालाजीला तिनं गच्च धरलं.

"कधी झालं रे बेटा? मला कळवलं पण न्हाईस."

"काय कधी झालं?" बालाजी म्हणाला. पण बानो ऐकण्याच्या पलीकडं गेली होती.

"मला काय तेल लागायचं म्हणून बोलवायची व्हय मी तिला? एकट्या बाईला किती तेल लागतं? मागचे दोन डबे तसेच पडलेत घरात. ती यायची, बसायची, माझ्यावर डाफरायची, जेवलीस का म्हणायची. आता मला कोण इचारणार?"

आत साखराबाई हे सगळं ऐकत होती. आधी तिला वाटलं, बानोचं कुणी गेलं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की गेलेली बाई म्हणजे आपणच. तिनं काचेवर मूठ मारली. पुन्हा मारली. बाहेर दाजींची मिशी थाडथाड वाजायला लागली. बानो रडता रडता थांबली आणि मिशीकडं बघत राहिली. दार उघडलं आणि पाय आधी बाहेर काढत, दाराला धरत, साखराबाई उतरली.

"अगं बानो, मी हाय. हितंच हाय."

बानो मटकन पायरीवर बसली. मग उठली आणि साखराबाईच्या दंडावर तिनं एक चापट मारली. "दोन दिस माझ्या पोटात अन्न न्हाई. आन तू आत बसून राहिलीस?" दोघी एकमेकींना धरून रडल्या. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. बानोनं वर बोट केलं. "मग हे काय हाय?"

तेव्हा साखराबाईनं स्वतःचा फोटो पुन्हा बघितला. या वेळी तिला पदर दिसला नाही. फुलं दिसली, समई दिसली. ती गाडीत चढली. "चल," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर बालाजी माझ्या बंपरला टेकून उभा राहिला. "मानानं लावला होता गं. मला ह्यातलं काही जमत न्हाई. दिवाळीची कशाला वाट बघायची? जातो पुण्याला."

"जाशील," साखराबाई म्हणाली. "आधी मला गाडीवरून उतरव."

असे आम्ही तिसऱ्यांदा नांदेडला आलो. या वेळी दाजीही आले, कारण त्यांच्या काचेचा प्रश्न होता. मनतशानं साखराबाईला बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. "आजी, मी सांगितलं होतं भैयाला. पण मग लावून पण मीच दिलं."

"जाऊ दे पोरी. आधी माझ्यासंगं चहा पी."

चहा झाला. बालाजी एका कोपऱ्यात, जणू दुसऱ्याच कुणाची गाडी आहे असा उभा. मनतशानं विचारलं, "आजी, तुम्हाला काय काय पाहिजे गाडीवर?"

मी मनात म्हटलं, आता सुरू झालं. आता देव येतील, कुळातले सगळे येतील.

"मला काही नको," साखराबाई म्हणाली. "मी ज्या काचेशी बसते, ती मोकळी कर. लोक तेलाला येत न्हाईत गं. त्यांना कोण आलंय ते बघायचं असतं. मी दिसले पाहिजे. बाकी तेल हाय म्हणून सांग, आन फोनचा नंबर टाक. बास."

दाजींनी खाकरून घसा साफ केला. वाजिदनं वर पत्र्याकडं बघितलं. जावयाला काचेवरून उतरवायचं म्हणजे काय खायचं काम नव्हे. सिंधूच्या सासरपर्यंत गोष्ट जाते.

मनतशा म्हणाली, "दाजी, रस्त्यावरनं जाणारा तुम्हाला ओळखत नाही. तो बघतो आन जातो. पण तेल घ्यायला जो येतो, तो मागचं दार उघडतो. त्या दाराच्या आतल्या अंगाला तुम्हाला लावते. मोठे. दार उघडलं की समोर तुम्हीच. जे अनोळखी माणसाला लागतं ते बाहेर. घरची माणसं घरात."

दाजींनी दार उघडून बघितलं, लावून बघितलं, पुन्हा उघडलं. "हे बरं हाय," ते म्हणाले. "इथं धूळ पण बसत न्हाई." पोराचा केकवाला फोटो बालाजीच्या समोर चिकटला, खंडोबा आरशाखाली. बैलांना मात्र रजा मिळाली.

मनतशानं पुन्हा बारीक अक्षरं काढली होती, सवय जाते कुठं. साखराबाईला रस्त्यापलीकडं खुर्ची टाकून बसवलं आणि वाजिदनं अक्षरांचा कागद माझ्या अंगावर धरला. साखराबाईनं तिथून हात हलवला. दिसत नव्हतं. मनतशानं अक्षरं जाड केली. तरी नाही. आणखी जाड. नाराज झाली पोरगी, मला दिसत होतं. पण भोवतीची जागा तिनं कुणालाच भरू दिली नाही, बालाजी 'इथं एक बैल तरी' म्हणाला तेव्हासुद्धा. शेवटी खुर्चीवरून आवाज आला. "हां. आता दिसलं. करडईचं तेल, चाकूर. आन आकडे पण."

आता मी करडईच्या फुलासारखी पिवळी आहे. एवढी मोठी काळी अक्षरं आणि त्याखाली नंबर. डाव्या काचेत काहीच नाही. म्हणजे साखराबाई आहे.

पहिल्या दिवशी लातुरात शिरलो तेव्हा एक बाई भाजी घेता घेता किंचाळलीच. मग धावत आली. "साखरामावशी, आम्ही तुझ्या नावानं रडलो गं." साखराबाईनं काच खाली केली. "रडलीस, बरं केलंस. आता डबा आण." त्या दिवशी संध्याकाळी माझी मागची पेटी हलकी होती. दिवाळीच्या आधी पुण्याच्या दोस्ताचा फोन आला तेव्हा बालाजी डबे पुसत होता. "यंदा येत न्हाई," म्हणाला. "पुढचं पुढं बघू." काचेशी बसलेल्या बाईनं तोंडाला पदर लावला आणि रस्त्याकडं बघितलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गाड्या असतील, दुकानं असतील. हौस करा, माझी ना नाही. पण या काचेकडं बघून कुणी बालाजीला सांगू नका, की जागा रिकामी आहे, इथं काहीतरी लाव. कधीतरी तो दिवस येईलच, मला माहीत आहे. तेव्हा त्याला जे लावायचं ते तो लावू दे, जिथं लावायचं तिथं लावू दे. मी कुरकुर करणार नाही. मनतशा, तूही त्याला काही बोलू नकोस.

आज ती बसलीय. आज काच मोकळी ठेवा.